मांजराची वाळू आणि आपली कणगी

चुलीपुढं असाल, रानात असाल, नाहीतर गिरणीच्या ओट्यावर नंबर लावून बसला असाल, रेडिओ जरा जवळ ओढा. आज आम्ही ज्या वस्तूबद्दल बोलणार आहोत ती आमच्या गटातल्या बहुतेक जणींनी गेल्या दिवाळीपर्यंत डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण तिच्यातून जे बाहेर पडलं त्याला मात्र आपण सगळ्या लहानपणापासून ओळखतो.

आमच्यातल्या एका ताईंची लेक पुण्याला नोकरी करते. तिसऱ्या मजल्यावर खोली आणि सोबतीला एक मांजर. दिवाळीला ती मांजराला टोपलीत घालून एसटीनं गावी आली. बरोबर एक जाड कागदाची पिशवी होती, अर्धी भरलेली. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "मांजराचं लिटर." लिटर म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढं दुधाचं माप आलं. मग तिनं समजावलं. मांजराला शी-शू करताना उकरायची आणि झाकायची सवय असते. गावात त्याला राखेचा ढीग आहे, परसातली माती आहे. फरशीवर काय उकरणार? म्हणून पसरट पेटीत भुसभुशीत काहीतरी घालून ठेवायचं. मांजर त्यात बसतं, झाकतं, आणि आपण तेवढाच ओला गोळा उचलून टाकायचा. पिशवीत हात घातला तर आत मक्याचा बारीक भरडा. गटातल्या आजींना काही ते पटलं नाही. "अगं, अन्न ते. त्यात मांजर बसवता?" त्यांचं म्हणणं अगदीच खोडून काढावं असं आम्हालाही वाटत नाही, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

ही वस्तू आली कुठून तेही थोडं ऐका. परदेशातही पूर्वी मांजरासाठी घरात राख नाहीतर वाळूच ठेवत. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाच्या माणसानं शेजारणीला वाळूऐवजी वाळवलेल्या मातीचे खडे देऊन पाहिले. आपण जिला मुलतानी माती म्हणतो त्याच जातीची ती माती. ओल शोषून घेते, पायाला चिकटत नाही. शेजारणीला आवडली, इतरांनी मागितली आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. पण माती वजनाला जड, धुरळाही उडतो. म्हणून पुढं कोणी मका, कोणी गहू, कोणी लाकडाचा भुसा वापरू लागलं. मक्यागव्हात पिठूळपणा असतो. कणकेत पाणी पडलं की जसा गोळा होतो, तसाच इथंही ओला भाग गोळा होतो आणि सहज उचलता येतो. सोय चांगली आहे. पण नाव वाळूचं असलं तरी ते धान्य आहे, आणि धान्य म्हटलं की त्याचे पाहुणे आलेच.

दिवाळी झाली, लेक परत गेली. जाताना पिशवी तिथंच विसरली. ताईंनी ती माजघरात सरकवून ठेवली. त्याच माजघरात आमच्या गटाचा रवा, शेवया आणि ज्वारीची पोती असतात. होळीच्या सुमाराला संध्याकाळी दिव्याभोवती बारीक करडी पाखरं फिरायला लागली. दोन दिवस कोणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी शेवयांची ऑर्डर भरायला रव्याचं पोतं उघडलं, तर वरच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा धरलेला आणि रवा त्यात गोळा झालेला. मागं मांजराची पिशवी पाहिली तर तिच्यात तेच, आणि खाली तांबडे किडे वळवळतायत. बावीस किलो रवा विकण्याजोगा राहिला नाही. गटाच्या वहीत तो नुकसान म्हणून लिहावा लागला. पिशवीनं रव्याला दिलं की रव्यानं पिशवीला, यावरून आमच्यात अर्धा दिवस वाद झाला. दोन्ही घडू शकतं, हे आधी समजून घ्या. ज्या मुली शहरात मांजर पाळतात त्यांच्याकडं हेच उलटंही होतं. स्वयंपाकघरातल्या जुन्या पिठातून किडा निघतो आणि पेटीशेजारच्या पिशवीत जाऊन बसतो.

आता हे पाहुणे कोण ते बघू. सगळ्यांना आपण सरसकट किडे म्हणतो, पण त्यांच्या खोडी वेगवेगळ्या आहेत आणि उपायही त्यावर ठरतो. सोंडे तुम्हाला माहीत आहेत. काळपट तपकिरी, पुढं सोंडेसारखं तोंड. याची मादी अख्ख्या दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि भोक चिकट पदार्थानं बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष करते, आणि किडा होऊन गोल भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे दाणा बाहेरून चांगला दिसतो तेव्हाही आत बिऱ्हाड असू शकतं. एक मादी आयुष्यात ३०० च्या आसपास अंडी घालते, आणि गरम दिवसांत अंड्यापासून किडा व्हायला महिनाभर पुरतो. याला अख्खा दाणा किंवा तसंच काहीतरी घट्ट लागतं, त्यामुळं भरड्याच्या पिशवीत तो कमी सापडतो. दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात जी मांजराची वाळू मिळते तिच्यात मात्र राहू शकतो.

भरड्यात आणि पिठात राहतो तो पिठातला तांबडा भुंगेरा. चपटा, लालसर, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. हा फार झाला की पिठाला कुबट, उग्र वास येतो आणि ते पीठ चाळलं तरी खायच्या लायकीचं राहत नाही. तिसरं ते पाखरू. ते स्वतः काही खात नाही, खाते ती त्याची अळी. खाता खाता ती धागा सोडत जाते, म्हणून जाळं दिसलं की समजायचं, पाखराचं काम. कोष करायच्या वेळी अळी पिशवीतून बाहेर पडते, भिंतीवर चढते, आढ्याच्या फटीत, डब्याच्या झाकणाखाली, कॅलेंडरच्या मागं जाऊन बसते. आम्ही रवा फेकला, माजघर झाडलं, तरी पंधरा दिवसांनी पाखरं पुन्हा आली ती याचमुळं. डाळींचा भुंगेरा वेगळा, तो मक्यात जात नाही. हरभऱ्यावर, मुगावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात ना, ती त्याची अंडी. त्याचा दोष मांजराच्या पिशवीला देऊ नका.

यातला कुठलाच किडा मांजरापासून होत नाही. मांजराच्या अंगावर पिसवा होतात, गोचीड होतात, पण सोंडे होत नाहीत. ते चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. लेकीनं फोनवर हेच आधी विचारलं होतं, माझ्या मांजराला काही रोग झालाय का. नाही. रोग धान्याला झालाय.

आता जे सांगणार आहोत ते कामं थांबवून ऐका. रवा गेला त्या संध्याकाळी ताईंचे मालक तालुक्याहून गोळ्या घेऊन आले. नाव घ्यायची गरज नाही, धान्यात टाकायची गोळी म्हटलं की सगळ्यांना कळतं. म्हणाले, दोन पोत्यात टाका, एक त्या मांजराच्या पिशवीत टाका, तोंड बांधा आणि पिशवी लेकीकडं पाठवून द्या. चांगल्या मनानंच म्हणाले. आम्ही गोळ्या डब्यातून बाहेर काढू दिल्या नाहीत.

ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाईडची असते. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. तो वायूच किड्यांना मारतो, आणि तोच माणसाला, मांजराला, कोंबडीला मारतो. त्याला लसणीसारखा, सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असं धरू नका. त्यावर खास असा उतारा नाही. तो दाराच्या फटीतून, भिंतीच्या भेगांतून, पत्र्याखालून दुसऱ्या खोलीत जातो. धान्याच्या खोलीत गोळी ठेवली आणि शेजारच्या खोलीत निजलेली लेकरं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपल्या देशात पुन्हापुन्हा येतात. आता विचार करा, तीच गोळी मांजराच्या वाळूत. ती वस्तूच ओल शोषायला केलेली, वरून मांजर त्यात शू करणार, आणि पेटी बंद खोलीत, पलंगाशेजारी. कायद्यानं ही गोळी तुम्हाआम्हाला विकायचीच नाही. सरकारी यंत्रणांनी आणि मान्यता असलेल्या कीड नियंत्रणवाल्यांनी जाणकाराच्या देखरेखीखाली वापरायची आहे. तरी ती मिळते, आणि मिळते म्हणून आपण तिला घरगुती समजतो. राहत्या घरात ही गोळी नको. पोत्यातही नको आणि पिशवीतही नको. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. पारा पोटात जाणं चांगलं नाही, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो.

मांजर असलेल्या घरात आणखी एक अडचण आहे, आणि ती आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हती. मांजर दिवसभर अंग चाटत असतं. पंजाला जे लागेल ते पोटात जातं. शिवाय काही विषं मोडून बाहेर टाकायची जी ताकद माणसाच्या आणि कुत्र्याच्या यकृतात आहे ती मांजराच्या यकृतात नाही. झुरळांच्या फवाऱ्यात, कुत्र्याच्या गोचिडाच्या औषधात परमेथ्रिन आणि त्याच्या जातीची औषधं असतात. कुत्रं ती सोसतं, मांजराला मात्र त्यानं थरथर सुटते, झटके येतात, तोंडाला फेस येतो, ते मरूही शकतं. डांबराच्या गोळ्या, कापूर, लवंगेचं तेल, बोरिक पावडर, यातलं काहीही वाळूत किंवा पेटीशेजारी ठेवायचं नाही. आपण तांदळाला बोरिक लावतो म्हणून मांजराच्या पेटीत चिमूटभर टाकलं, असं करू नका. खरं सांगायचं तर तांदळालाही लावू नका. चुकून मांजराच्या अंगावर औषध गेलं आणि ते लटपटायला लागलं तर घरगुती उतारे करत बसू नका, तडक जनावरांच्या दवाखान्यात न्या आणि औषधाचं पाकीट बरोबर घ्या.

मग करायचं काय? तीन गोष्टींना किडा टिकत नाही. कडक ऊन, कडक थंडी आणि बंद हवा.

थंडीचा उपाय शहरातल्या लेकींसाठी. नवी पिशवी आणली की डीप फ्रीजमध्ये, जिथं उणे अठरा अंश असतं तिथं, आठवडाभर ठेवायची. अंडी, अळ्या, किडे सगळं मरतं. पिशवी मोठी असेल तर दोन-तीन लहान पिशव्या करायच्या, कारण मोठ्या पिशवीच्या पोटात गारवा पोचायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर लगेच तोंड उघडायचं नाही. खोलीइतकी कोमट झाली की उघडायची, नाहीतर गार भरड्यावर घाम धरतो आणि बुरशी येते. एकदाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर भरवसा ठेवू नका, तो तेवढा गार नसतो.

उन्हाचं आपल्याला शिकवायला नको असं वाटतं, पण इथंच आपण फसतो. गच्चीवर, अंगणात चादरीवर धान्य पसरलं की किडे सावलीकडं पळतात आणि आपल्याला वाटतं, गेले. दाण्याच्या आत बसलेली अळी तशीच राहते. तिला मारायला धान्य पन्नास-साठ अंशांपर्यंत तापावं लागतं. त्यासाठी खाली गोणपाट, त्यावर काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर बोटभर जाडीचा थर, आणि वरून पारदर्शक प्लास्टिक पसरून कडा दगडांनी दाबून टाकायच्या. चैत्र-वैशाखात अकरा ते तीनपर्यंत ठेवा. हात घालवत नाही इतकं तापतं. पेरणीचं बी मात्र असं तापवू नका, उगवण जाते. संध्याकाळी पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं की कोठीच्या पत्र्याला आतून पाणी सुटतं, आणि किड्याला, बुरशीला नेमकी तीच ओल हवी असते. दाणा वाळला की नाही हे आपल्या आया दाताखाली धरून बघायच्या, कटकन फुटला पाहिजे. ती परीक्षा आजही खरी आहे. धान्य जितकं कोरडं तितका किड्याचा जम कमी.

तिसरी बंद हवा. ही आम्हाला सगळ्यांत आवडते कारण हिला खर्च नाही आणि ती आपलीच आहे. सोलापूर, मराठवाड्याकडच्या बायांना ज्वारीचं पेव माहीत असेल. जमिनीत खोल खड्डा, कडेनं कडबा, आत ज्वारी आणि वरून तोंड मातीनं लिंपलेलं. आत किडे असले तर तेही श्वास घेतात, दाणाही थोडा घेतो. आतला प्राणवायू संपत जातो आणि किडा गुदमरतो. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून बघत. दिवा विझला म्हणजे आत माणसाला श्वास घेण्याजोगी हवा नाही. पेवात घाईनं उतरून माणसं गेली आहेत. आजची कित्येक थरांची हवाबंद पिशवी हेच काम करते. ती नसेल तर घट्ट झाकणाचा डबा किंवा पिंप घ्या. काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहील. रोज रोज उघडू नका. मांजराच्या वाळूलाही हेच. कागदाची पिशवी, नुसती सुतळीनं बांधलेली पातळ प्लास्टिकची पिशवी, यांना अळ्या आणि भुंगेरे सहज भोकं पाडतात. लेकीला आम्ही सांगितलं, पिशवी दुकानातून आणलीस की डब्यात रिकामी कर, वर तारीख लिही, महिन्याभरात संपेल एवढीच आण. स्वस्त पडते म्हणून वीस किलो आणायची नाही.

कडुनिंबाच्या पाल्याचं विचाराल. वाळवलेला पाला धान्यात घातला तर किडा येताना थोडा बिचकतो, पण दाण्याच्या आतल्याला तो मारत नाही. ओला पाला तर मुळीच घालू नका, आपणच ओल घातल्यासारखं होतं. राखेचा उपयोग बियाण्याला होतो. बारीक राख किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि तो सुकून मरतो. मांजराच्या पेटीत मात्र राख नको. भिजली की तिचा खार पंजांना झोंबतो. तुरीला, गव्हाला एरंडेल चोळायची रीत चांगली आहे, पण तेल लागलेला भरडा पाणी धरणार नाही, म्हणून तीही तिथं उपयोगाची नाही.

किडा लागलेली पिशवी वाचवायच्या फंदात फार पडू नये असं आमचं मत झालं. वरवर दोन किडे असतील तर फ्रीज किंवा ऊन. जाळं धरलं असेल, वास आला असेल, तर प्लास्टिकमध्ये बांधून घराबाहेर काढा आणि खोल पुरून टाका. कोंबड्यांना, गुरांना घालू नका, मांजराच्या वाळूत वासाचं आणखी काय मिसळलेलं असतं ते आपल्याला माहीत नसतं. ओलसर, बुरशी आलेला मका तर जनावराला विषच. मग पेटी रिकामी करून गरम पाण्यानं आणि साबणानं धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची. पेटीखालची फरशी, भिंतीच्या कडा, कपाटाचे सांधे झाडून, पुसून घ्यायचे. पाखरांसाठी आठवड्यातून दोनदा असं महिना-दीड महिना करावं लागतं. आम्ही केलं. कॅलेंडरच्या मागं सतरा कोष निघाले.

पेटीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा अगदी सूक्ष्म जीव येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला त्रास देतो. म्हणून गरोदर बाईनं पेटी साफ करू नये, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावी. विष्ठेतला तो जीव लागण करण्याजोगा व्हायला एक दिवस तरी जातो, तेव्हा पेटी रोजच्या रोज साफ झाली पाहिजे. वापरलेली वाळू भाजीच्या वाफ्यात किंवा खतात टाकायची नाही. खुरपून आल्यावर, माती हाताळल्यावर हात साबणानं धुवा. गावातली मांजरं काही पेटी शोधत नाहीत, ती आपल्या कोथिंबिरीच्या वाफ्यातच जातात.

आमच्या गटानं आता माजघरातला रवा दोन पिंपांत भरलाय आणि शेवयांचा रवा गरजेपुरताच काढतो. बाहेरून आलेली कुठलीही पिशवी, मग ती मांजराची असो, कोंबडीखाद्याची असो की पाहुण्यांनी आणलेला तांदूळ असो, आठ दिवस पडवीत वेगळी राहते. ताईंच्या मालकांनी त्या गोळ्यांचा डबा बंद तोंडानं दुकानदाराला परत नेऊन दिला. पैसे काही परत मिळाले नाहीत. लेक पाडव्याला पुन्हा आली, मांजर घेऊनच. या वेळी पिशवी नव्हती. आम्ही तिला नदीची चाळलेली वाळू घमेल्यात घालून दिली. मांजरानं ती हुंगली, आणि मागच्या दारानं निघून राखेच्या ढिगावर जाऊन बसलं.